गाडीच्या वाट्याचा रोट

नंदुरबारजवळच्या कोरीटला आमच्या जिभाऊंच्या घरी कानबाईच्या रोटासाठी गहू मोजतात, तेव्हा घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ घेतात. जिभाऊंची, दोन मुलांची, नातवांची, पाळण्यातलं पोर असेल तर त्याचीसुद्धा. आणि सगळ्यांत शेवटी अंगणातल्या जुन्या डिझेल अँबेसेडरची.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. बाकी कुणी हसलं नाही, म्हणून गप्प झालो.

श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई, म्हणजे इकडची देवी, घरात बसते, सोमवारी सकाळी तिला नदीवर पोचवतात. मोजून घेतलेल्या त्या गव्हाच्या पुरणपोळ्या म्हणजे रोट. ते घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. ज्याची मूठ त्यानं खायची, उंबऱ्याबाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत सगळं संपवायचं. लेकीला नाही, जावयाला नाही, पाहुण्याला तर नाहीच नाही. गाडी घेतली त्या वर्षी जिभाऊंच्या वडिलांना बायकांनी विचारलं होतं म्हणे, की घरात पुरुष किती धरायचे? म्हाताऱ्यानं सगळे सांगितले आणि अंगणाकडे बोट करून म्हटलं, तो एक उभा आहे तोही धरा. गमतीत म्हटलं, पण मूठ पडली. कानबाईपुढे एकदा धरलेला माणूस नंतर वगळत नाहीत. तेव्हापासून गाडी धरली जाते.

आता गाडीला तोंड नाही. मग तिचा रोट कुणी खायचा? घरातला दुसरा माणूस खाऊ शकत नाही, त्याची स्वतःची मूठ आहे. म्हणून जो गाडी चालवतो, तिला पुसतो, तिच्या खाली झोपून तेल बघतो, त्यानं खायचा. आधी म्हाताऱ्याचा ड्रायव्हर खायचा. तो गेल्यावर मी.

मी मूळचा आजऱ्याकडचा, पार खालच्या टोकाचा. आठवीत शाळा सोडली आणि ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. नंदुरबारला मिरची भरायला आलो आणि तापानं आडवा झालो. डोळे हळदीसारखे पिवळे. ट्रकवाल्यानं जिभाऊंच्या ओट्यावर मला निजवलं आणि परत येताना नेतो म्हणाला. अजून यायचा आहे. जिभाऊंच्या बायकोनं, म्हणजे जिजीनं, मला महिनाभर भाताची पेज आणि ऊस दिला. उठून बसलो तेव्हा हातात काय द्यायचं म्हणून जिभाऊंनी गाडी पुसायचं फडकं दिलं. तेच धरून मी आजवर राहिलो. त्या घराचे उपकार मी मोजत नाही, मोजायला बसलो तर भीती वाटते.

भीती माझ्या स्वभावातच आहे. गाडी लावून आल्यावर हँडब्रेक ओढला का हे बघायला मी पुन्हा अंगणात जातो. जिभाऊंच्या थोरल्यानं नवी गाडी घेतली तेव्हा तर मला कितीतरी दिवस जेवण गेलं नाही. जुनी विकली तर माझं काय? पण श्रावण आला, मूठ पडली, आणि मी पुन्हा जेवायला लागलो. जोवर गाडी धरतात तोवर मला धरतात, असा माझा हिशेब होता.

पुढे एका वर्षी जेठापासूनच गाडी बिघडत चालली. सकाळी चालू व्हायला कुरकुर, चढाला काळा धूर, आणि उभी असली की सबंध अंग थरथरायचं, हिवताप आल्यासारखं. मी फिल्टर बदलला. परत बदलला. टाकी उतरवून धुतली. जिभाऊ रोज ओट्यावरून बघायचे. कानबाईच्या सोमवारी जिजीला प्रकाशा गावी तापीवर जायचं असतं. गुडघ्यांमुळे तिला चालवत नाही आणि कानबाई मांडीवर घेऊन ती याच गाडीत बसते. नव्या गाडीत बसत नाही. ती बुटकी आहे, तिच्यात कानबाईची मान वाकते, असं तिचं म्हणणं.

मग एका सकाळी गहू मोजायला बसल्या बायका. सगळ्यांच्या मुठी पडल्या, गाडीची पडली, आणि जिजी सुपातले खडे वेचता वेचता सहज म्हणाली,

"यंदा गाडीना रोट भाचा खाई."

मी पाण्याचा हंडा घेऊन दारात उभा होतो. तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

झालं होतं असं, की जिभाऊंनी मला न सांगता गुजरातेत व्याऱ्याला बहिणीकडे फोन केला होता. तिचा मुलगा सुरतेला इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करायच्या दुकानात काम करतो. गाडी नीट करायला तो येणार होता आणि गाडीचा यंदाचा हक्क त्याचा, असं नवराबायकोत ठरून गेलं होतं. भाचा रक्ताचा खरा, पण कुळाचा नाही, त्यामुळे त्याचीही मूठ नसते. मी आणि तो, दोघेही उंबऱ्याबाहेरचे. फक्त तो भाचा होता.

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. पिठाच्या गिरणीवर दळणवाल्यानं मला बघितलं आणि पट्टा सोडून हसत म्हणाला, "काय रे कोल्हापुरी, तुन्ही सवत उनी म्हणे."

उनी म्हणजे आली. मीही हसलो. घरी येईपर्यंत दात आवळलेलेच राहिले.

भाचा शनिवारी सकाळच्या एसटीनं आला. मी त्याला वाईट ठरवायला सज्जच बसलो होतो, पण त्यानं सोयच ठेवली नाही. माझ्यापेक्षा लहान, अंगानं बारीक, आवाज मऊ. आल्या आल्या जिभाऊ आणि जिजी त्याच्या पायाशी वाकले. इकडे तशीच रीत आहे, भाच्याला वाकू देत नाहीत, मामाच वाकतो. मला ठाऊक होतं, तरी तिचे ते दुखरे गुडघे जमिनीकडे जाताना मला बघवेनात. मग तिनं त्याला विचारलं, जेवायला काय करू? मला त्या घरात हे कधी कुणी विचारलं नाही. मी सगळं खातो ना.

त्यानं बोनेट उघडलं, गाडी चालू ठेवायला सांगितली आणि पाना घेऊन एकेका नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाइपाचा नट जरासा सैल करत गेला. नट सैल झाला की त्या सिलेंडरला डिझेल जात नाही आणि इंजिनचा आवाज पडतो. पहिल्याला पडला. दुसऱ्याला पडला. तिसऱ्याला काहीच फरक नाही, म्हणजे ते आधीपासूनच मेलेलं. चौथ्याला जेमतेम. त्यानं नट आवळले आणि जिभाऊंना म्हणाला, "मामा, गाडी मस्त शे. फक्त नाक चोंदेल शे."

जिभाऊ हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. मी दोन वेळा फिल्टर बदलला तेव्हा नव्हते हसले.

फोनवर लक्षणं ऐकूनच येताना त्यानं चार नोझलं सेट करून आणली होती, जुन्या सुती फडक्यात एकेक वेगळं गुंडाळून, अंडी आणावीत तशी. आम्ही गाडी निंबाखाली ढकलली. आधी त्यानं ब्रश आणि डिझेलनं इंजिनचा वरचा भाग असा धुतला, की मला वाटलं हा दिवसभर धुतच बसतो. माती आत पडली तर नव्या नोझलाचंही तेच होणार, असं म्हणाला. मग पाइप काढले, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं गोणपाटावर मांडले. नोझलं निघेनात. वर्षानुवर्षांची काजळी धरून बसली होती. मी उचकटायला टॉमी आणायला उठलो तर त्यानं हातानंच थांब म्हटलं, कडेनं डिझेल सोडलं, आणि चहा पिऊन येऊ म्हणाला. चहा पिऊन आल्यावर ती हलवून हलवून एकेक वर आली.

प्रत्येक नोझलच्या खाली तांब्याचा एक वायसर, म्हणजे भोकाची गोल चकती, असतो. तो बुडाला भोकातच चिकटून राहतो आणि घाईत माणूस त्याच्यावरच दुसरा टाकतो. मग नोझल नीट बसत नाही आणि फुसफुस हवा सुटते. तीन वायसर नोझलांबरोबर आले. चौथा आला नाही. मी बघितलं, आणि मनातल्या मनात वाट बघू लागलो की हा आता विसरेल. उद्या इंजिन फुसफुसेल, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल, आणि मग मी शांतपणे सांगेन.

त्यानं गोणपाटावरचे वायसर बोटानं मोजले, सायकलच्या स्पोकचं टोक वाकवलं, बॅटरी तोंडात धरली आणि चौथा उकरून काढला. मग उघड्या भोकांवर स्वच्छ फडकी कोंबली. मला एवढा राग आला ना त्या माणसाचा.

पण पुढे अडलं. त्यानं आणलेले नवे वायसर मापाला मोठे निघाले. दुकानात दुसऱ्याच कुणीतरी बांधून दिले होते. नंदुरबारला जाऊन यायचं तर शनिवारी दुकानं लवकर बंद होतात, आणि मिळतीलच असं नाही. तो म्हणाला जुनेच वापरू, फक्त ते दबून दबून कडक झालेत, लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाकले की मऊ होतात. हे मलाही माहीत होतं. बरोबरच होतं.

चारी वायसर पक्कडीत धरून तो आग शोधायला निघाला. आणि आग पेटली होती ती मागच्या अंगणात, रोटाच्या चुलीत. बायकांनी त्या सकाळीच चूल नव्यानं घातली होती, पांढऱ्या मातीनं सारवली होती, आणि ती वाळावी म्हणून आत चार काटक्या लावल्या होत्या. त्या चुलीवर कानबाईच्या आधी कुणाचं काही चढत नाही, चहासुद्धा नाही. भाचा व्याऱ्याचा, त्यांच्याकडे कानबाई बसत नाही. त्याला चूल दिसली, एवढंच.

मी ओरडलो. हळू सांगता आलं असतं, तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता. पण मी असा ओरडलो की माजघरातनं सगळ्या बायका बाहेर याव्यात. आल्याही. तोवर डिझेलचे चार वायसर रोटाच्या चुलीत पडले होते आणि काळा वास सुटला होता.

जिजी भिंतीला धरून आली. तिनं चुलीत वाकून बघितलं. चार बारीक कडी लालभडक झाली होती. भाचा पक्कड घेऊन उकिडवा बसला होता आणि आपलं काय चुकलं हे त्याला अजून कळलं नव्हतं. मला आठवत होतं, माझ्या दुसऱ्या वर्षी मी नुसती चप्पल घालून त्या अंगणात पाऊल टाकलं होतं, तेव्हा जिजी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

ती सरळ झाली आणि सुनांकडे वळून म्हणाली, "भाचा शे तो. त्याले काय बोलू?"

मग माती भिजवायला सांगितली. चूल पुन्हा घालायची, पुन्हा सारवायची. धाकटी सून पदर खोचता खोचता म्हणाली, "गाडीना रोट तं आजच भाजाई गया." सगळ्या हसल्या. जिजीसुद्धा हसली. भाच्याला कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. त्यानं वायसर पाण्यात टाकले, चुर्र झालं, आणि ते गुलाबी, नव्यासारखे होऊन वर आले. मग त्यानं पक्कड बाजूला ठेवली, हात धुतले आणि सुनांबरोबर स्वतः माती तुडवायला बसला.

मी गाडीकडे परत आलो. जिजीनं तर माझ्याकडे असं बघितलं होतं, की एवढ्या मोठ्यानं कशाला ओरडलास. त्या दिवशी अंगणात चूक केली त्यानं आणि बोल लागला मला. असा हेवा मला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता. त्याच्या कामाचा नाही, हाताचाही नाही. चुकलं तरी चालतं, या गोष्टीचा. मी एवढी वर्षं त्या घरात एकही चूक परवडत नाही अशा चालीनं वावरलो होतो.

दुपारनंतर नोझलं बसवली. नट एकदम आवळला नाही, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा. मग पाइपांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक स्टार्टर मारायला, एक नटांवर. जिभाऊंचा थोरला पुढे आला, तर भाच्यानं त्याला थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तुम्ही बसा. गाडी तुमना हात वळखस."

हे तो मनापासून म्हणाला. म्हणून जास्त लागलं. मी बसलो. समोर उघडं बोनेट, मला काही दिसत नव्हतं, फक्त त्याचा आवाज. मार म्हटलं की मारायचं, बस म्हटलं की सोडायचं. पहिल्या पाइपातनं फेस आला असं तो सांगत होता, मग फेस कमी झाला, मग नुसतं डिझेल. एकेक नट आवळत गेला. शेवटच्याला गाडीनं एक हिसका दिला, पांढरा धूर टाकला, खोकली, आणि लागली. आधी लंगडत, मग एकसारखी. थरथर गेली होती. आरशाला लटकवलेली माळ स्थिर लोंबत होती. जिभाऊंनी येऊन बोनेटच्या कडेवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. भाच्यानं करून दाखवलं, असं ते येईल त्याला सांगत होते. मी आत बसून त्या आवाजात कुठे खोट सापडते का ते ऐकत होतो. सापडली नाही.

रविवारी कानबाई बसली. संध्याकाळी ताटं मांडली. एकेका पुरुषापुढे त्याच्या मुठीचा रोट, गंगाफळाची भाजी, खीर. ओळीच्या शेवटी गाडीचं ताट. दरवर्षी मी आधीच हात धुऊन दारापाशी थांबायचो. त्या दिवशी मी बैलांना पाणी दाखवायला गेलो, त्यांना तहान नसताना. गोठ्याच्या कुडातनं मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. हाक न येणं मला उभ्यानं सोसायचं नव्हतं.

जिजीनं भाच्याला बसवलं. तो पाटावर टेकला, आणि मग विचारलं, की यात पोळ्या किती? थोरल्या सुनेनं समजावलं, की आज एवढ्याच, पण त्या पिठाचे रोट पुनवेपर्यंत रोज करायचे, आणि ज्यानं सुरू केले त्यानंच संपवायचे. तो गोंधळला. उद्या नदीवरून परस्पर नंदुरबारला स्टेशनवर सोडायचं ठरलं होतं, मंगळवारी त्याला कामावर जायचं होतं. डब्यात नेता येईल का, असं त्यानं भाबडेपणानं विचारलं. रोट उंबऱ्याबाहेर जात नाही.

"मामी, मी तं सकाय जाई ऱ्हायनू," तो म्हणाला आणि हळूच पाटावरून उठला. सकाय म्हणजे उद्या.

जिभाऊ म्हणाले, दोन दिवस राहून जा. तो म्हणाला, आई वाट बघते. तेवढ्यावर विषय संपला. ओळीतले सगळे हात आवरून बसलेले, ताट तसंच. जिजीनं अंगणातल्या अंधाराकडे तोंड करून मला हाक मारली. मी आलो, दाराशी थांबलो, बैलांचं दावं हातात तसंच.

"तुले कोठे जानं शे?" ती म्हणाली. "बस."

तिनं ते प्रेमानं म्हटलं की नुसतं काम निपटावं तसं, हे मी अजून ठरवलेलं नाही. खरं तर जिंकलो मीच होतो. पण मी बसलो ते कुणापेक्षा चांगला होतो म्हणून नाही. मला कुठे जायचं नव्हतं म्हणून. आजऱ्याला गेलो की भाऊ पहिल्याच दिवशी विचारतो, परत कधी निघणार, आणि वहिनी पाहुण्याला देतात तसा पाण्याचा तांब्या देते. मला कुठे जायचं होतं?

भाचा माझ्या शेजारून जाताना थोडासा वाकून म्हणाला, दादा, नीट खा, नाहीतर गाडी उपाशी राहील. मला हसू आलं. तोंडात पुरण होतं, ठसका लागला, आणि जिजीनं पाणी पुढे सरकवलं.

सोमवारी गाडी प्रकाशापर्यंत अशी गेली, की जिजीच्या मांडीवरची कानबाई हललीसुद्धा नाही. भाचा पुढे माझ्या शेजारी. कानबाई तापीत गेली, सगळे रडले, जिजीला आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरून वर आणलं. येताना स्टेशनवर उतरून त्यानं बोनेटला एक थाप दिली. मी त्याची पिशवी आतपर्यंत नेऊन दिली. माझ्या मनात होतं, की आता हा जातोय, बरं झालं. त्याची रेल्वे सुटेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो, ते कशासाठी मला माहीत नाही.

पुनवेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी उंबऱ्याच्या आत बसून गाडीचा रोट खात होतो, शेवटचाच उरला होता, दुधात कुस्करून. त्याचा फोन आला. गाडी कशी आहे, धूर येतो का, सकाळी किती वेळात लागते, सगळं विचारलं. खोट काढायची माझी फार इच्छा होती. मी म्हटलं, चांगली आहे. एकदम चांगली चालते.

तो आणखी काही सांगणार होता, पण मागून त्याच्या आईचा आवाज आला, थंड होतंय, जेवायला ये म्हणून. एकदा, आणि लगेच परत एकदा, जरा रागावून. तो म्हणाला, ठेवतो दादा.

त्यानं ठेवला तरी फोन मी थोडा वेळ कानालाच धरून ठेवला. मग वाटी निपटून पुसली, उंबऱ्याच्या आतच धुतली आणि गाडीचा हँडब्रेक बघायला अंगणात गेलो.